काळा बॉल पडलाच नाही

चाळकऱ्यांनो, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेच्या सूचनेखाली फळ्यावर जागा उरलीय, म्हणून आजचं लिहितोय.

मी क्लबात स्नूकरचा मार्कर. मेंबरांचे गुण मांडायचे आणि कुणाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळून थोडक्यात हरायचं. जिंकणारा मार्कर कुणालाच नको असतो. सोळा वर्षं हेच केलं.

आज दुपारी क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, "सखाराम, नव्या मेंबरांना शिकवायला कोच हवाय. माझ्याशी एक डाव खेळ, बघू."

शेवटी काळा बॉल उरला, अगदी पॉकेटच्या तोंडाशी. तो पडला की मी जिंकणार होतो. पण माझा हात आपोआप जरासा वळला आणि बॉल काठाला लागून थांबला. मुद्दाम नाही हो, आईशप्पथ!

सेक्रेटरींनी तो हसत हसत पॉकेटात घातला. "जागा तुझी. मेंबरांना असाच कोच आवडेल. उद्या कळव."

सभेत घोषणा देताना माझी मूठ सगळ्यांच्या वर असते. तोच हात टेबलाशी माझं ऐकत नाही. असा हात दुसऱ्याला काय शिकवणार?

कोच म्हणून जाऊ की नको? खडू कठड्यावर ठेवलाय, खाली लिहा.