राजा धीरसेनाचा विलायती विराम

मी विलायतेला गेलो तो बटाटे सोलत. आमचे मामा एका मोठ्या बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांनी कुणाकुणाला गळ घालून मला बोटीच्या भटारखान्यात चिकटवलं आणि मुंबई ते लंडन हा सगळा प्रवास मी एका उपड्या पिंपावर बसून केला. लोक वाटेत एडनचा किनारा बघतात, सुवेझचा कालवा बघतात. मी साली बघितल्या! पण हात बटाट्यावर असला तरी डोळ्यांपुढे भलतंच असायचं. झगझगीत रंगमंच, मखमली पडदा आणि त्या पडद्यासमोर वाकून नमस्कार करणारा मी. (दोनदा बोट कापलं ते या नमस्कारापायीच.)

मला विलायतेत शिकून नट व्हायचं होतं. जयगडच्या खाडीकाठच्या पोराच्या डोक्यात हे वेड कुठून शिरलं ते आईला कधीच उमगलं नाही. "पोटात होतास तेव्हा मी एक नाटक बगितला नव्हता हो!" ती शेजारणींना शपथेवर सांगायची. "भजनच ऐकत होत्ये!" तसं बोटीवरून जगभर फिरून आलेली माणसं आमच्याकडे घराघरात होती. विलायतेला जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. तिथे जाऊन तोंड रंगवायला शिकायचं, याचं होतं.

आणि घरात खरा आवाज होता तो माझ्या वडिलांचा. बापू गावचे मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. गावावर संकट येवो की कुणाची गाय हरवो, बापू हातात नारळ धरून जाखमातेला सगळी हकिगत खड्या आवाजात सांगत आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव "होय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देई. वारा अनुकूल असला तर खाडीपलीकडचा गावही देई.

लंडनात चांगल्या नाट्यशाळा होत्या. मी त्यांच्या दारावरून रोज चालत जात असे. मला परवडली ती एका बूट दुरुस्तीच्या दुकानावरची शाळा. तिथे एक म्हाताऱ्या नटीबाई आम्हा सहा-सात भणंगांना शिकवायच्या आणि खालून सतत ठाकठूक चालायची. राहायला माळ्यावरची खोली होती. शेगडी नाणं घातल्याशिवाय पेटत नसे, म्हणून मी ती पेटलेली आहे अशी कल्पना करून तिच्यापुढे हात शेकत बसे. (बाईंनी हा अभिनय बघितला असता तर पहिला नंबर दिला असता!) आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ पुरवून पुरवून खायचं आणि शनिवारी नाटकाला जायचं. नाटकही सगळ्यात वरच्या, सगळ्यात मागच्या बाकावरून. तिथून नटांचे चेहरे दिसत नसत, टाळू दिसत. विलायती रंगभूमीवरची सगळी टकलं मला आजही तोंडपाठ आहेत!

पण तिथूनच मला कलेचं मर्म गवसलं. मोठे नट बराच वेळ काही बोलतच नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. नुसते उभे राहतात. मध्येच पाठ फिरवतात. आणि तरी खालचे लोक मुग्ध होऊन बसलेले! (त्यांचं बोलणं माझ्या बाकापर्यंत पोचत नसेल, ही शक्यता मला तेव्हा सुचली नाही.) शिवाय बाईही म्हणायच्या, "नट गप्प झाला की प्रेक्षक आपोआप पुढे सरकतो." झालं. मी गप्प राहायला शिकू लागलो. रात्री धुक्यात घरी परतताना रस्त्यावरचे दिवे पिवळे, ओले दिसत आणि मला आमच्या खाडीतल्या होड्यांचे कंदील आठवत. मग मी पुलाच्या कठड्याशी उभा राहून तासन्‌तास विराम घेत असे. एकदा पोलिसाने हटकलंसुद्धा.

वर्षाने मामांच्या बोटीवरूनच सुटीसाठी घरी आलो. (परतताना कांदे होते.) बाईंनी पुढच्या वर्षी एका खऱ्या थिएटरात लहानसं काम मिळवून द्यायचं कबूल केलं होतं. त्यामुळे परत जाण्यात माझा जीव अडकला होता. मामांची बोट चैत्राचा उत्सव आटोपला की सुटणार होती. मी बापूंपुढे विषय काढला.

बापूंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "काय शिकलास तिकडं?"

"अभिनय."

"तो दाखव मग. उत्सवातल्या नाटकात राजा हो. गावाला पटला तर खुशाल जा. न्हाय पटला, तर होडी हाय, जाळी हाय."

मामा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "भावोजी, विलायतेत शिकलेला राजा हाय! गाव येडा होईल!"

मामांचं हे भाकीत तंतोतंत खरं झालं.

आमच्या गावचं नाटक एकच. राजा धीरसेनाचं. ते आजोबांच्या वेळेपासून दर उत्सवात व्हायचं आणि रांगणाऱ्या पोरापासून दात पडलेल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. त्यात एकच जागा महत्त्वाची. दूत येऊन सांगतो, "महाराज, युवराज बुडाले!" आणि राजा छाती पिटून ओरडतो, "हाय दैवा! काय ऐकतो मी हे!" ज्याच्या 'हाय दैवा'ला देवळामागच्या आंब्यावरचे कावळे उडतील तो राजा उत्तम. अमक्याने अमक्या साली किती कावळे उडवले, यावर लोक पारावर भांडत.

मी ठरवलं, कावळे उडवायचे नाहीत. गावाला मौन दाखवायचं.

पहाटे होड्या समुद्रात जायच्या असल्याने आमचं नाटक उन्हं कलली की सुरू होई. रंगमंच देवळासमोरच्या चौथऱ्यावर. मागे पडदा नव्हता, सरळ खाडीच होती. समोर गाव बसलेला. पुढे बापू, बायकांत आई, खांबाला टेकून मामा. आतल्या बाजूला भिकूतात्या पोथी घेऊन नटांना वाक्यं पुरवायला सज्ज. (भिकूतात्यांना अक्षर येत नव्हतं. पोथी नुसती मानाची होती.) माझा बालमित्र तुका दूत झाला होता. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "महाराज, युवराज बुडाले!"

मी काही बोललो नाही. हळूहळू वळलो आणि गावाकडे पाठ केली.

समोर खाडी. सूर्य पाण्याला टेकत होता. एक गलबत शिडं उतरवून उभं होतं, कुणीतरी त्याच्यावर कंदील लावत होतं. कंदिलाचा उजेड पाण्यात लांबच लांब पसरला आणि मला एकदम लंडनचे ते ओले दिवे दिसू लागले. आपण नक्की कुठे आहोत हेच कळेना. तिकडे असताना इकडच्यासाठी जीव तुटायचा, इकडे आलो तर तिकडची आठवण काळीज कुरतडत होती. आणि या पाण्यात खरंच कुणाचा तरी मुलगा बुडाला आहे, असं मला वाटलं. डोळ्यांतून धारा लागल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात खरा अभिनय! आणि तो फक्त खाडीतल्या बगळ्यांना दिसत होता.

गावाला दिसत होती माझी पाठ.

आतून भिकूतात्या हळूच म्हणाले, "हाय दैवा."

मी गप्प.

"हाय दैवा!" जरा मोठ्याने. मग पोथी आपटून, "सद्या, मेल्या, हाय दैवाऽ!"

तुकाला वाटलं, मला बातमीच ऐकू गेली नाही. तो जवळ येऊन ओरडला, "महाराज! युवराज बुडाले!" तरी मी ढिम्म. मग त्याने पदरचा तपशील घातला. "पार बुडाले! मी बगितला! होडी उलाटली!"

आता पुढच्या रांगेतली माणसं मदतीला धावली. "हाय दैवा म्हण!" मागची ओरडली, "हाय दैवा!" बायकांनी सुरात साथ दिली. पेटीवाल्याला वाटलं, मी सुराची वाट बघतोय. त्याने सूर धरला तो सोडीचना. माझं वाक्य मी सोडून सगळा गाव म्हणत होता!

मी मनात म्हटलं, बाईंचं खरं आहे. गप्प राहिलं की प्रेक्षक पुढे सरकतो. सरकूच दे! आणि मी आणखी गप्प झालो.

तेवढ्यात तुका मला वळसा घालून समोर आला. माझे डोळे बघितले आणि त्याचा दूत तिथेच संपला.

"रडतोय!" तो गावाकडे वळून किंचाळला. "अवो बापू, सदा खरा खरा रडतोय! तोंडातून शबुद न्हाय!"

"अगो बाय माज्या!" आईने हंबरडा फोडला. "माज्या पोराची वाचा गेली गो! त्या मडमांनी काय खायला घातलान त्याला!"

मामा खांब सोडून पुढे आले. "ताय, बोटीवर बोलत होता गो! कांदे सोलताना तर गात होता!"

"मग उतरल्यावर नदर लागली!" कुणीतरी निकाल दिला. "तिकडचा काय तरी संगती आलाय!"

मी आता बोलायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण विराम इतका उंच चढला होता की उतरायची वाटच सापडेना! शिवाय रडून रडून नाक चोंदलं होतं. मी तोंड उघडलं, तर नुसतं "हं... हं..." बाहेर आलं. ते ऐकून बापू सोडून पहिल्या तीन रांगा उठून मागे पळाल्या.

आणि बापू उभे राहिले. उपरणं सावरलं, वहाणा काढल्या, भिकूतात्यांनी पोथी टाकून पुढे केलेला नारळ घेतला आणि थेट चौथऱ्यावर चढले. मला खांद्याला धरून देवळाकडे वळवलं. सगळा गाव हात जोडून उभा राहिला. पेटी थांबली.

"हे आई जाखमाते!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो जो तुजा लेकरू सदानंद, सात समुद्र पार करून इलायतेला ग्येला होता!"

"होय म्हाराजा!"

"तितं जर का कुना सायबाची, कुना मडमेची, कुना भुताखेताची छाया पडली आसंल..."

"होय म्हाराजा!"

"...तर ती बोटीत बसवून माघारी पाठव! आनि ह्याची जी काय वाचा ग्येली हाय, ती ह्या घडीला, ह्या पावलाला, ह्याला परत दे!"

"होय म्हाराजा!"

बापूंचा आवाज शेवटच्या वाक्याला थरथरला. मी बघितलं, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. माझा बाप माझ्यासाठी भीक मागत होता, आणि मी मूक अभिनय करत होतो! शरम, राग, माया, सगळं एकदम उसळून वर आलं आणि मी दोन्ही हातांनी छाती पिटून बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"हाय दैवाऽऽ! काय ऐकतो मी हेऽऽ!"

आंब्यावरचे सगळे कावळे उडाले. पलीकडच्या आळीतलेही उडाले. गलबतावरच्या माणसाने कंदील टाकून दिला.

मग जो जल्लोष झाला तो सांगता येत नाही! बापूंनी तिथल्या तिथे नारळ फोडला. आईने माझी मीठमोहरीने दृष्ट काढली. म्हाताऱ्या माणसांनी कबूल केलं की असा 'हाय दैवा' त्यांच्या हयातीत झाला नव्हता. तुकाने मला मिठी मारली आणि पुढचं नाटक कुणालाच आठवलं नाही. त्या सालचा युवराज आजवर तसाच बुडालेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत बापूंकडे गेलो. "गावाला पटलं ना? मग जाऊ ना मी?"

बापूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्यांनी मी लहान असतानाही केलं नव्हतं.

"सद्या, विलायतेने तुजी वाचा घेतलान. आई जाखमातेने एका गाऱ्हाण्यात दिलान. आता तूच सांग, कुठली शाळा मोठी?"

मामांना मुंबईला नेणारी आगबोट जयगडहून सुटली तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. धूर दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो, आणि आई माझ्या पाठीशी उभी राहून दर थोड्या वेळाने विचारत होती, "सदू, बोल हो काय तरी. गप्प राहू नको."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. ज्यांची पोरं वेळेवर बोलायला लागत नाहीत असे आईबाप लांबलांबून, हर्णे-आंजर्ल्याहूनसुद्धा, होड्या करून आमच्याकडे येतात. बापू गाऱ्हाणं घालतात आणि नमुना म्हणून मला शेजारी पाटावर बसवतात. आई सगळ्यांना सांगते, "ह्यो बगा, ह्योही पार मुका होता!" विलायतेत शिकलेल्या नटाला मिळालेली ही एवढी एकच भूमिका. नाटक मात्र बारमाही चालतं!

मागच्या महिन्यात मला ते असह्य झालं. मी पाटावरून ताडकन उठलो आणि जमलेल्या सगळ्यांना ओरडून म्हणालो, "अहो, मी कधी मुका नव्हतोच! तो अभिनय होता, अभिनय! विलायती विराम होता तो!"

आंजर्ल्याच्या एका म्हातारीने नातवाला कडेवर घट्ट धरलं, भक्तिभावाने माझ्याकडे बघून हात जोडले आणि सुनेला म्हणाली,

"बगितलास गो? किती साफ बोलतो!"