ट्रंकचे चार अर्थ

लातूरच्या घरी आज माझी जुनी ट्रंक उघडली. गंजाचा आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला.

किनवटच्या होस्टेलात, सातवीत असताना, मी हिच्यावरच बसून इंग्रजी पाठ करत होते. ट्रंक म्हणजे झाडाचं खोड, माणसाचं धड, हत्तीची सोंड. पूर्वी खोड कोरून पेटी करायचे, म्हणून पेटीही ट्रंकच. तेवढ्यात बाबा दारात आले.

"बाई, तुझी माय गेली गं."

मी "हाव" म्हणाले आणि पुन्हा खोडापासून सुरुवात केली. बाबा चपला काढून खाली बसले. तीनदा सगळं ऐकलं. मला वाटलं, त्यांना माझं इंग्रजी आवडून राहिलं.

पाठांतर थांबलं की गावाकडं निघावं लागणार होतं. ते त्यांच्याही जिवावर आलं होतं.