एकवीस नंबरचा जॉइंट

आमच्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. वाळूजला आम्ही दुधाच्या आणि औषधांच्या कंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनवतो. पाइपाचा जोड, म्हणजे जॉइंट, झाला की ज्यानं तो केला त्याचा नंबर शेजारी कोरायचा. उद्या कुठं गळती निघाली तर कुणाला विचारायचं ते कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण वेल्डर लोक त्याकडं तसं बघत नाहीत. त्यांच्या लेखी ती सही असते. मी तिथं एकोणीस वर्षं तपासणीला होते. भिंग आणि रजिस्टर घेऊन एकेक जॉइंट बघायचे, आणि माझी सही झाल्याशिवाय टाकी गेटबाहेर जायची नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे चांगले वेल्डर एकामागोमाग एक सोडून गेले. त्यांतला सगळ्यात पक्क्या हाताचा म्हणजे एकवीस नंबर. तो मुकुंदवाडीला राहायचा. घरची माणसं गावाकडं अजून मेंढरं राखतात, हा एकटा आयटीआय करून शहरात आलेला. नऊ वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर राहिला. दर दिवाळीला विचारायचा, "साहेब, पर्मनंटचं काय?" आणि दर दिवाळीला एचआरचे साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." शेवटी त्यानं मस्कतचं काम धरलं. मला तो बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचा. जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाजी, लई वाट बघितली. आता नाय."

त्याला जाऊन महिना झाला नसेल, तेच साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "इथल्या पोरांना कामच नकोय. स्किल्ड माणूस मिळतच नाही." मी समोर बसले होते. मिळाला होता साहेब, नऊ वर्षं मिळाला होता, असं अगदी ओठांवर आलं. बोलले नाही. त्या दिवशी गप्प बसल्याचा राग मला अजून येतो.

मग ठरलं की नेपाळहून वेल्डर आणायचे. तिकडच्या माणसाला इथं काम करायला व्हिसा लागत नाही, आणि आखातात राहून आलेले तयार हात तिथं आहेत, असं कुणीतरी साहेबांना सांगितलं होतं. टेस्ट घ्यायला माणूस हवा, म्हणून मला बरोबर नेलं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस, सीमा ओलांडून बुटवलला. तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकानं जागा दिली होती. वीसेक जण आले होते. दोन दिवस मी त्यांच्याकडून पाइप जोडून घेतले, जॉइंट कापले, पट्ट्या वाकवून कुठं चीर पडते का ते बघितलं.

त्यांत चाळिशीचा एक माणूस होता. सडपातळ, कानाजवळचे केस पिकलेले. त्याला मी मुद्दाम अवघड काम दिलं. पाइप भिंतीला इतका जवळ बांधला की मागची बाजू दिसूच नये. त्यानं पिशवीतून छोटा आरसा काढला, तारेनं मागं अडकवला आणि आरशात बघत बघत मागचा अर्धा जॉइंट भरला. आरशात हात उलटा दिसतो. डावीकडं न्यायचा तर उजवीकडं जातोय असं वाटतं. त्याचा हात एकदाही थबकला नाही. मी तो जॉइंट कापला, वाकवला. चीर नाही. आतून रंग फिकट सोनेरी, जसा हवा तसा.

सहा जण पास झाले. वर्कशॉपच्या मालकानं चहा दिला. त्या सहांतले दोघं त्याच्याच हाताखालचे. तो साहेबांना म्हणाला, "हमारे यहाँ भी कारीगर नहीं मिलते, साब." साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

निघायच्या आधी आरसेवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दिदी, कागज पे क्या लिखोगे? वेल्डर लिखोगे ना?" कतारमध्ये सात वर्षं त्यानं वेल्डिंग केलं होतं आणि कार्डावर सातही वर्षं मजूर होता. मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. मी म्हणाले, "वेल्डर। और नंबर भी अपना मिलेगा, अपने नाम से।" त्यानं आरसा पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "आप बोल रही हो तो ठीक है।"

शब्द मी दिला होता, हे मला आधीच सांगून टाकायचंय.

ते सहा जण आले. पडेगावला दोन खोल्यांत त्यांची सोय केली, कंपनीची बस आणायला-सोडायला. ईदला मी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून, आत संत्री घालून परत आला. काम तर असं होतं की रजिस्टरमध्ये माझा लाल पेन उघडायची वेळच येईना.

तिसऱ्या महिन्यात एका डेअरीची टाकी तपासायला घेतली. पहिलाच जॉइंट बघितला आणि शेजारी कोरलेला नंबर एकवीस. एकवीस नंबरचा माणूस तर मस्कतला! मी भिंग लावलं. वेल्डच्या टाक्यावरून, म्हणजे जोडावर उमटलेल्या धातूच्या वळ्यांवरून, वेल्डर ओळखू येतो, अक्षरावरून माणूस ओळखावा तसा. एकवीसचा टाका दाट, शेवटाला जरासा डावीकडं कललेला. हा टाका लांबट, शांत. हा आरसेवाल्याचा होता. पुढचे चार जॉइंट बघितले. सगळ्यांवर सोडून गेलेल्या माणसांचे नंबर.

मी त्याच्याकडं गेले. त्यानं तोंडावरची ढाल वर केली आणि सरळ सांगितलं, "यही नंबर दिया हमको, दिदी। हम समझे आपको मालूम है।"

मग गळ्यातलं कार्ड दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, हेल्पर.

मी तशीच, हातमोजे न काढता, साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बसा मॅडम. कळलं मला. नवे नंबर घ्यायचे म्हणजे गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर बोलवा, टेस्ट घ्या, कागद करा. ऑर्डर थांबल्या असत्या."

"टेस्ट मी घेतलीय. सहाही जणांचे कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत."

"मग जपूनच ठेवलेत ना? आणि नंबर बदलल्यानं काय दूध नासतं का?"

"आणि हेल्पर?"

"ते ठेकेदाराचं आहे. उद्या निघून जातील ती माणसं, मॅडम. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

संध्याकाळी मी मस्कतला फोन केला. एकवीस नंबर आधी खो खो हसला. मग त्याचा आवाज चढला. "व्हय? माझा नंबर? बाजी, उद्या ती टाकी गळली तर नाव माझं निघंल. अन् मी तर इथं!" पुढं म्हणाला, "इथं माझ्या कार्डावर काय लिहिलंय सांगू? गवंडी."

त्या टाकीच्या रजिस्टरमध्ये मी सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं: जॉइंट चांगले आहेत, नंबर खोटे आहेत. गुरुवारी डेअरीचा इन्स्पेक्टर आला तेव्हा तेच पान त्याच्या पुढ्यात ठेवलं. कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि विचारलं की मी पगार कुणाचा खाते. मी म्हणाले, "तुमचाच. म्हणूनच लिहिलंय." 

इन्स्पेक्टर शहाणा माणूस होता. तो म्हणाला, माझ्यासमोर सगळ्यांची टेस्ट घ्या, पास होतील त्यांना स्वतःचा नंबर द्या, म्हणजे त्यांचे जॉइंट मी मान्य धरतो. मालक लगेच हो म्हणाले. तीन महिने जे जमत नव्हतं ते चहा संपायच्या आत जमलं.

पाच जणांनी टेस्ट दिली. आरसेवाला टेस्टला उभाच राहिला नाही. मी पडेगावला त्याच्या खोलीवर गेले. तो कपड्यांच्या घड्या घालत होता. मी समजावलं की फक्त कागदापुरतं आहे, तुझ्यासाठी तासाभराचं काम.

"एक बार दिया था ना, दिदी। आपने ही लिया था।"

मी म्हणाले, मी तुझ्याच बाजूनं भांडलेय. तो म्हणाला, "मालूम है।" एवढंच. रागावला नव्हता, रडतही नव्हता. घड्या घालत राहिला. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. शनिवारच्या गाडीनं तो गेला.

नंबर नाही म्हटल्यावर त्याचे जॉइंट कुणाचेच नव्हते. नियम नियमच. अकरा होते. कुठून कापायचं ती खूण मीच खडूनं केली. त्या टाकीवर त्याच्याइतके चांगले जॉइंट दुसऱ्या कुणाचेच नव्हते, आणि ग्राइंडर लावून ते एकेक करून कापले. पाच जणांपैकी एकानं ते पुन्हा भरले. चांगले भरले, पण तसे नाहीत.

सोमवारी कँटीनमध्ये, सगळे जेवत असताना, साहेब मला म्हणाले, "बघितलंत मॅडम? मी म्हणत नव्हतो, ही माणसं टिकत नाहीत."

मी डबा बंद केला, उठले, आणि एकोणीस वर्षांत कारखान्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. मराठीत सुरुवात केली, पण राग मराठीत मावेना, म्हणून पुढचं सगळं घरच्या दखनी उर्दूत. ते इथं लिहिण्यासारखं नाही.  साहेबांना दखनी कळते, ते इथलेच आहेत.

पुढच्या महिन्यात माझी बदली स्टोअरला झाली. त्या पाच जणांच्या कार्डावर आता वेल्डर लिहिलंय. हजेरी मात्र अजून ठेकेदाराचीच. मस्कतच्या फोनवर मी एकवीसला हे सगळं सांगितलं.  मग त्यानं विचारलं, "अन् बाजी, तो आरशात बघून कसं करायचा, ते सांगा ना नीट."

मी सांगितलं, मला आठवत होतं तितकं.