पाण्याची सुई
स्पिरिटचा वास आला की भिलाईतल्या त्या वॉर्डातली मे महिन्याची दुपार आठवते. कूलरचा ओला, कुबट वारा आणि खाटेवर कण्हणारा स्टील प्लांटमधला कामगार. कॅन्सर त्याच्या हाडांत पोचला होता. मी नवी नर्स. मॉर्फिन कुलपात, चावी डॉक्टरांकडे आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. माणूस बरा कसा करायचा हे आम्हाला शिकवलं होतं. बरा न होणाऱ्याचं काय करायचं, ते कुणीच शिकवलं नव्हतं. त्याची बायको हात जोडून म्हणाली, "बाई, यायले बहुत दुखून राहिलं, काहीतरी द्या नं!" शेवटी मी सिरिंजमध्ये नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि "भारी दवा आहे" म्हणत टोचलं. थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. बायको माझ्या पाया पडली आणि त्याच्यासाठी चहा आणायला गेली. ती दाराबाहेर पडताच त्याच्या तोंडून दाबून धरलेला हुंदका फुटला. "सिस्टर, पाणीच होतं नं? तिले सांगू नका. तिले वाटू द्या, आराम पडला." पुढे त्या कुलपाची चावी माझ्याच कमरेला आली, पण सुई टोचताना पेशंटच्या डोळ्यांत बघायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.