शब्द गाळलेली ओवी

कारखान्याच्या वसाहतीत परदेशी तज्ज्ञांचे दोन बंगले शेजारी शेजारी होते, एक फ्रेंच आणि एक जर्मन. या दोन देशांनी एकमेकांची गावे जाळल्याला फार काळ लोटला नव्हता. फ्रेंच साहेबांचा थोरला भाऊ त्याच युद्धात गेला होता. आता त्यांच्या सरकारांनी मैत्रीचा करार केला होता, आणि इथे बेंगळुरात दोघे साहेब एकाच यंत्रावर वाकून आमच्या माणसांना काम शिकवीत. करार साजरा करायला त्यांच्या बायकांनी क्लबात एक संध्याकाळ ठरवली. जर्मनांनी फ्रेंच गाणी म्हणायची, फ्रेंचांनी जर्मन. "तुमचेही दोन भाषांचे एक गाणे हवे," फ्रेंच बाई मला म्हणाल्या.

आमच्याकडे ते होतेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी साताऱ्याहून आले, तेव्हा शेजारी धारवाडकडची अक्का राहत होती. परसातल्या बुटक्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही तांदूळ निवडत असू. एकदा मी आईची जात्यावरची ओवी गुणगुणत होते, आणि अक्काने तिच्या आईचे जात्यावरचे कन्नड पद त्याच चालीत पुढे ओढले. जाते एकच असावे तसा सूर घरघरत फिरत राहिला. त्या दिवसापासून ओळ माझी, उत्तर तिचे.

क्लबाच्या कार्यक्रम समितीने आम्हां दोघींना बैठकीला बोलावले. सीमेच्या वादाने त्या वर्षी सगळ्यांचीच डोकी तापलेली होती.

"वहिनी, कन्नडाबरोबर गाऊन बेळगाव देऊन टाकता की काय?" मराठी मंडळाचे अध्यक्ष हसत म्हणाले.

"द्यायचंय कशाला? आमचंच आहे," कन्नड संघाचे चिटणीस म्हणाले. "आणि गाणं होणारच असेल, तर कन्नड कडवं आधी."

"का म्हणून? चाल वहिनींनी धरली!"

"हे गाव कुणाचं आहे, साहेब?"

कपांतल्या कॉफीवर साय धरली. शेवटी तोडगा निघाला: चाल ठेवा, शब्द गाळा. मी पेटी वाजवायची, अक्काने टाळ. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या.

"वाजव आणि ये," घरी नवरा म्हणाला. "उगाच वाढवू नकोस."

त्या संध्याकाळी जर्मन साहेब फ्रेंच गाऊ लागले. उच्चार इतके ओबडधोबड, की फ्रेंच साहेब खुर्चीतूनच ओरडून ते दुरुस्त करीत आणि दोघेही हसत. मग आम्ही. अबोलीच्या गजऱ्याखाली माझी मान घामेजली होती. पेटीचा भाता श्वास घेत होता. आमचे ओठ मिटलेले. पहिली ओळ संपली तिथे अक्काचा गळा नकळत हलला, आणि तिने टाळ जोरात वाजवला. मला वर बघवेना.

टाळ्या संपल्यावर फ्रेंच बाई आल्या. "सुंदर! पण याला शब्द नाहीत का?"

मी पेटीचा भाता मिटला. अक्का तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आहेत. घरी आहेत."

बाईंना तो विनोद वाटला. त्या खळखळून हसल्या, जर्मन बाईंना हाताला धरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मग आम्ही दोघी रविवारी ऐकायला येतो. कुणाच्या घरी येऊ?"

अक्काने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे. पाठीमागे आमचे दोघींचे नवरे उभे होते, आणि त्या एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर आम्हां दोघींपैकी एकीलाही देता आले नाही.