मुलीच्या बाजूची सही

विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर मी लोकांचे अर्ज टाइप करून देत असे. एका दुपारी समोरच्या स्टुलावर आमचे माजी आमदार येऊन बसले. चार वेळा निवडून आलेला माणूस, पण पराभवानंतर माणसं पांगली होती आणि आज सोबत कुणीच नव्हतं. आईवडिलांच्या संमतीशिवाय कुणाचं लग्न लागू देऊ नये, असं ते प्रत्येक सभेत सांगत, आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. त्यांच्याच मुलीनं इथे येऊन परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा त्यांनी तिचं नाव टाकलं.

"तिच्या बाजूनं सही कुणी केली होती?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"एक साक्षीदार कमी पडत होता, साहेब. मीच केली."

मला वाटलं, आता चिडतील.

"बरं केलंत," ते म्हणाले. "रडली का हो ती?"

"नाही. पण फोटो काढताना दोनदा फाटकाकडे बघितलं तिनं."

मग त्यांनी मला तिच्या नावानं एक पत्र टाइप करायला सांगितलं. मी कागद चढवला.

"चि. सौ. सुमन," ते म्हणाले. म्हणजे लग्न त्यांनी मनातून मान्य केलं होतं. पुढे मात्र शब्द येईना. भरल्या मैदानापुढे तासभर बोलणारा माणूस एका मुलीशी बोलताना अडला होता. मलाच अवघडल्यासारखं झालं.

"आधी पाकिटावर पत्ता घालू का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली.

"तो तुमच्याकडे मिळेल म्हणून तर आलो होतो."