चाचांचं कापडी पुस्तक

जगात जी जी वस्तू सपाट आहे तिच्यावर छाप उमटलाच पाहिजे, अशी मनापासून श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे खापर गावचे, लाकडी ठशांनी कापड छापणारे रंगारी चाचा. सपाट नसलेल्या वस्तूंनाही ते फारशी माफी देत नसत. त्यांच्या घराच्या भिंतींवर कोयऱ्या होत्या, दारावर कोयऱ्या होत्या, आणि शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला मी गावात शिरलो तेव्हा जी पांढरी बकरी मला आडवी गेली, तिच्या दोन्ही कुशींवर कोयऱ्यांची दुहेरी ओळ होती. मी पिशवी खाली टाकून उभाच राहिलो. चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत निळा आणि डावा लाल असे. साबणाने, राखेने, कशानेही तो रंग निघत नव्हता. चावडीत एकदा कसल्याशा कागदावर त्यांचा अंगठा हवा होता. तलाठी शाईची डबी शोधू लागले, तोवर चाचांनी अंगठा जिभेला लावून कागदावर टेकवला. स्वच्छ निळा ठसा उमटला. "तुम्हनी शाई ऱ्हाऊ द्या, तात्या," ते म्हणाले. तलाठी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

बाजाराच्या दिवशी तर त्यांच्याबरोबर चालायचीच भीती वाटे. आपण छापलेलं लुगडं दिसलं की चाचा सगळं विसरून त्याच्या मागे जात. एकदा एका शेतकऱ्याच्या बायकोमागे ते असे पार गुळाच्या दुकानापर्यंत गेले. नवरा गर्रकन वळला. "ओ चाचा, काही लाज? कोना मांगे फिरी ऱ्हायनात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा शांतपणे म्हणाले, "बाईले कोण देखी ऱ्हायनं, भाऊ? मी लुगडं देखी ऱ्हायनू. तीन साल व्हयनात, आनी रंग देख कसा शे!" त्या गृहस्थाने खरोखरच बायकोचा पदर हातात घेऊन पाहिला आणि कबूल केलं की रंग चांगला आहे. मग दोघेही भर रस्त्यात पदर उन्हात धरून उभे राहिले, आणि ती बाई बिचारी मान खाली घालून मधोमध.

असा हा माणूस एका दुपारी शाळेत आला आणि म्हणाला, "मास्तर, मी पुस्तक काढी ऱ्हायनू. पोरेसनं. चित्रे मन्हा, लिखानं तुम्ही." चाचांना अक्षरओळख नव्हती. मी खुर्चीतून उठलोच. पुस्तक कशाला, असं विचारलं तर त्यांनी शाळेच्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. त्यात सत्तावीस पुस्तकं होती. "साठ साल व्हई जाई मन्ही उमरले. जे छापं ते लोकेसनी अंगवर घालं आनी फाडं. एक चीज तरी ऱ्हाई जावाले पाहिजे. पुस्तक कोणी फाडत नई, मास्तर. पुस्तक कपाटमा ऱ्हास." ते कपाट मीसुद्धा कधी उघडत नव्हतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गोष्ट त्यांचीच होती. एक बकरी आपल्या मालकाला विकायला बाजारात नेते. लोक त्याचे दात बघतात, पाठ चाचपतात, किती खातो ते विचारतात. कोणीच घेत नाही. संध्याकाळी बकरी त्याला पुन्हा घरी आणते आणि दाव्याला बांधते. संपली. मी शिक्षक. विचारलंच, "चाचा, याचं तात्पर्य काय?"

"म्हंजे?"

"म्हणजे पोरांनी यातून शिकायचं काय?"

"पोरेसले बकरीनी शिकाडानं? मंग तुम्हले पगार कसाना भेटस?"

मी मुकाट्याने आठ पानांच्या आठ ओळी ठळक अक्षरात लिहून दिल्या. त्याआधी ते धुळ्याच्या एका छापखान्यात जाऊन आले होते. तिथल्या माणसाने सांगितलं की चित्रांचे ठसे मुंबईहून करून आणावे लागतील. घरात सागवानाचे तीनशे ठसे बाळगणारा माणूस हे ऐकून वाटेत पुन्हा पुन्हा हसत परत आला. पुस्तक कापडावरच छापायचं ठरलं. पातळ मलमल आणली. माझे कागद सागवानावर चिकटवून चाचा तीन महिने अक्षरं कोरत बसले. मी रोज संध्याकाळी जाऊन "वा, वा" म्हणत होतो.

पहिला छाप उठला त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली. चित्र झकास आलं होतं आणि अक्षरं सगळी उलटी. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं हे चाचांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. कोयरी कशीही फिरली तरी कोयरीच राहते. पण शिकलेला मी तीन महिने डोळ्यांनी बघत होतो आणि माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं! मी चाचरत सांगितलं.  चाचांनी ते कापड उचललं, पालथं केलं आणि उन्हात धरलं. रंग पार पलीकडे उतरला होता. "आते वाचा." मी वाचलं: बकरीनं मालकाला बाजारात नेलं. "कापडले दोन बाजू ऱ्हातस, मास्तर. कागदनं काय सांगता येत नई."

चाचींनी पानांना काठ घातले, एका कडेने शिवून चाळीस प्रती केल्या. खापरच्या बाजारात चाचा त्या मांडून बसले आणि दुपार व्हायच्या आत एक सोडून सगळ्या गेल्या. घेणाऱ्या बहुतेक डोंगरातल्या बायका होत्या. मला वाटलं, केवढी ही वाचनाची आवड!

पुढच्या बाजाराला आम्ही दोघे जागच्या जागी खिळलो. सगळं पुस्तक बाजारभर चालत होतं. बायकांनी शिवण उसवून पानापानांची झबली शिवली होती. पहिलं पान एका बाळाच्या पोटावर मिठाच्या दुकानापाशी, मालकाचे दात बघणारे लोक आईच्या पाठीशी बांधलेल्या दुसऱ्या बाळावर, आणि दाव्याला बांधलेला मालक टोपडं होऊन एका रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावर. चाचा एकेका पोराजवळ जाऊन पानं बघत होते. एका आईला वाटलं, हे झबल्याचं कौतुक चाललंय. तिने पोराला फिरवून मागची बाजूही दाखवली. "चांगलं शिवं, बाई," चाचा तिला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत अंगवरच गयं, मास्तर."

राहिलेली एक प्रत त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "हाई कपाटमा ठेवा. बस, आखो काही नको." मी ठेवली. त्यानंतर दर शनिवारी ते शाळेच्या खिडकीशी येत, काचेतून ती जागेवर आहे ना ते बघत आणि जात. वर्गातल्या पोरांनी ती माझ्याकडून कपाटातून काढून घेऊन इतक्यांदा वाचली की ओळी त्यांना पाठ झाल्या.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तपासणीला साहेब आले. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती आणि ती व्हायची की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. हजेरीपट झाला, गणितं झाली, मग साहेबांनी कपाट उघडायला सांगितलं. पुस्तकांच्या रांगेत ती कापडी घडी बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे काय?" मी आदल्या दिवसापासून वाक्य घोकून ठेवलं होतं: साहेब, हे आमच्या गावात निघालेलं पुस्तक आहे. तोंडातून निघालं, "फळा पुसायचं फडकं, साहेब."

"मग कपाटात कशाला?"

आणि मी, माझा स्वतःवर अजून विश्वास बसत नाही, ते काढलं आणि फळ्यावरची गणितं त्याने पुसली. कोपऱ्यापर्यंत, नीट.  वर्गातलं एकही पोर हललं नाही. वळून बघतो तो खिडकीत चाचा. साहेब आज पुस्तकं बघणार असं ऐकून ते धुतलेला सदरा घालून आले होते.

साहेबांची गाडी जाईपर्यंत ते तिथेच थांबले. मग आत आले, टेबलावरचं पुस्तक उचलून झटकलं, चुरगळलेलं पान तळव्याने सरळ केलं, सूत बोटांत चोळून पाहिलं. "फळा चांगला पुसस," ते म्हणाले. "सूत चांगलं शे." त्यांनी टोमणा मारला असता तर मी सुटलो असतो. ते खरोखरच कापड तपासत होते. मी ते कपाटात ठेवायला हात पुढे केला, तर त्यांनी ते फळ्याशेजारच्या खिळ्याला स्वतः अडकवलं. "आठेच ऱ्हाऊ द्या. साहेब परत तपासनीले उनात तं तुम्ही खोटा पडाले नको."

मी कायम झालो. धानोऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी ते पुस्तक मी खिळ्यावरून काढलं आणि पेटीत घातलं. शाळेची वस्तू विचारल्याशिवाय नेली, हेही कबूल करतो. शनिवारी खिडकीशी आल्यावर चाचांना काय दिसेल, हा विचार मला प्रवासात सुचला, तोवर गाव मागे पडलं होतं.

आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. इथला, धानोऱ्याचा, हेडमास्तर मी आहे आणि कपाटाची किल्लीही माझ्याकडे आहे. किल्ली मिळाली त्याच दिवशी मी ते पुस्तक शाळेच्या दफ्तरात रीतसर चढवलं. लेखकाच्या रकान्यात चाचांचं पूर्ण नाव घातलं, प्रकाशकाच्या रकान्यात तेच. पोरं ते इतकं हाताळतात की चौथ्या पानाचा काठ दोनदा उसवला. चौथीतल्या मुलींनी तो पुन्हा घातला. कोणी त्याचं झबलं केलेलं नाही. हे सांगायला मी दोनदा खापरला जायला निघालो आणि दोन्ही वेळा नंदुरबारच्या मोटारअड्ड्यावरून परत आलो. चाचा अजून आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, असं कळतं. त्यांना वाचता तर येतच नाही. म्हणून खापरकडच्या कोणाच्या हाती हे पडलं, तर त्यांनी कृपा करून हे त्यांना वाचून दाखवावं. साहेबांच्या तपासणीची जागा आली तरी थांबू नये. आणि ऐकून चाचा काय म्हणाले, ते एका कार्डावर मला कळवावं. जे म्हणतील ते, जसंच्या तसं.